सीटखालची तार

"काका, हे हिरवं म्हणजे नुसती रुसूबाई आहे! जरा धक्का लागला की बंद!"

उतारावरून पोरगी ओरडली तसे खाली उभे असलेले सगळे हसले. तिने सीटवर नीट बूड टेकलं, किल्ली फिरवली, दोन्ही दांडे पुढे ढकलले. मशीन गवत कापत निघालं. दहा पावलं गेलं नाही तोच चाक खड्ड्यात आपटलं, पोरगी वीतभर उडाली आणि इंजिन गप्प.

टेकडीवरच्या त्या रुग्णालयाच्या आवारात हा उतार सगळ्यात अवघड. लांबून गादीसारखा दिसायचा, पण आतून उंदरांनी पार पोखरलेला. त्याच्यासाठी आज दोन कंपन्यांची मशीनं बघायला मागवली होती, एक हिरवं आणि एक पिवळं. दोन्ही जागच्या जागी भोवऱ्यासारखी वळणारी. कुठलं घ्यायचं ते आवाराचे साहेब ठरवणार होते, पण शेऱ्याखाली सही मिस्त्रींचीच लागायची. अठ्ठावीस वर्षं पाण्याच्या पंपापासून गवताच्या मशीनपर्यंत सगळं त्यांच्याच हातचं.

पोरगी म्हणजे इथल्या जुन्या चालकाची मुलगी. दोन वर्षांपूर्वी याच उतारावर, जुन्या मशीनखाली तिचे वडील गेले. त्यांच्या जागी तिला घेतलं. आता तिच्या घरी पाच महिन्यांचं बाळ होतं. दुपार झाली की ती घड्याळ न बघताच त्याला पाजायला घरी पळायची. अंगच तिला वेळ सांगायचं.

मिस्त्री उताराकडे शक्यतो बघत नसत. बघितलं नाही तरी कान कुठे मिटता येतात? दाढी करताना, जेवताना, भरदुपारी सगळं सामसूम असताना त्यांना एक इंजिन ऐकू यायचं. थांबायला हवं होतं तिथे न थांबलेलं. मग ते उठून शेडमध्ये जायचे, बंद असलेल्या प्रत्येक मशीनवर तळहात ठेवून बघायचे. थंडगार असायची सगळी.

"आता पिवळं घे," साहेबांनी हाक दिली.

पिवळं सुसाट गेलं. खड्डे आले, पोरगी उडाली, आदळली, पण इंजिन एकदाही बंद पडलं नाही. वरच्या अंगाला वळताना मागची चाकं थोडी घसरली, ते मिस्त्रींनी टिपलं. या मशीनचं वळणं मागच्या चाकांवरच असतं, पुढची आपली मोकळी फिरतात. मागची घसरली की सगळंच हातातून गेलं. हिरव्याची चाकं रुंद, ते बुटकं, जमिनीला धरून चालणारं. पण हे सांगायला त्यांनी तोंड उघडायच्या आतच पोरगी खाली आली, घामाने निथळत, खुशीत.

"काका, अगदी बाबांच्या मशीनसारखं आहे हो! कितीही उडवा, थांबतच नाही."

मिस्त्रींनी पिवळ्याच्या सीटकडे बघितलं.

"झालं तर मग," साहेब म्हणाले. "उतार कापायला त्याला सव्वा तास, याला पाऊण तास. करा सही."

मिस्त्री पिवळ्यापाशी गेले आणि त्यांनी सीटखाली हात घातला. शोधावं लागलंच नाही. सीटखाली एक स्विच असतो. माणूस सीटवरून उठला किंवा पडला की तो इंजिन बंद करतो, पाती थांबवतो. त्याच्या दोन टोकांना जोडणारी तार होती, तीन पिळांची. कुणी बसलंय की नाही, हे आता मशीनला कळणारच नव्हतं.

पिवळ्याचा विक्रेता जवळ सरकला. "तुम्हाला काय सांगायचं, मिस्त्री? खड्ड्याच्या जमिनीवर सगळेच करतात."

सगळेच करतात. त्यांनीही केलं होतं. "लेका, दिवसातून शंभरदा बंद पडतंय, कंबरेचा पार भुगा झाला. कर ना काहीतरी," चालक गयावया करत आला होता. दोन मिनिटांचं काम. "जादूगार आहेस!" म्हणून त्याने पाठीत धपका घातला होता. आणि तो गेला त्या दिवशी, चौकशीची माणसं टेकडी चढून यायच्या आधी, मिस्त्रींनी तार काढून घेतली होती. स्विच ठीकठाक सापडला. मशीनमध्ये दोष नाही, चालकाचा निष्काळजीपणा, असं कागदावर आलं. मग कुणीतरी म्हणालं, दारू घेतलेली असणार. मिस्त्री तसं म्हणाले नाहीत. पण नाही असंही म्हणाले नाहीत.

"हे घ्यायचं नाही," ते म्हणाले.

"का बुवा?" साहेबांनी विचारलं.

"सीटखाली तार जोडलीय. माणूस पडला तरी पाती फिरत राहतील."

साहेब हसले. "बरी हात घातल्या घातल्या सापडली तुम्हाला!"

"मीच जोडायचो, साहेब. जुन्या मशीनला मीच जोडली होती."

पोरगी हातमोजे काढत होती. एक काढला, दुसरा तसाच राहिला.

"मग चौकशीत कशी नाही सापडली?" तिने विचारलं.

"ते यायच्या आधी मी काढली."

वाऱ्याने कापलेलं गवत तिच्या पायांवर येत होतं.

"आई मागच्या बोळातून जाते भाजी आणायला," ती म्हणाली. "बायका कुजबुजतात म्हणून. आणि काका, मलासुद्धा वाटायचं. घेतली असेल का बाबांनी त्या दिवशी?"

"नाही गं. कधीच नाही."

"लिहून द्या."

साहेब मध्ये पडले. "अहो, ऑफिसात बसून बघू. मिस्त्री, चार महिन्यांवर निवृत्ती आलीय तुमची. सगळं जाईल. जरा विचार करा."

"दोन वर्षं तोच करतोय," मिस्त्री म्हणाले. त्यांनी साहेबांची वही घेतली आणि हिरव्याच्या पत्र्यावर टेकवून लिहिलं. दोन कागद. एक साहेबांच्या हातात दिला, दुसरा तिच्यापुढे धरला. तिने घेतला नाही.

"आईला वाचता येत नाही. आणि मी वाचणार नाही. तुम्ही चला."

वाटभर ती चार पावलं पुढे चालत राहिली. घरात शिरताच बाळाला उचलून आतल्या खोलीत गेली. दार लोटलं गेलं.

तिची आई जमिनीवर बसून बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती.

"अगबाई, भावोजी! किती दिवसांनी वाट चुकलात. बसा ना. पाणी आणते."

"नको, वहिनी. आधी हे ऐका."

ते उभ्यानेच वाचू लागले. सुरुवातीला वहिनींचे हात चालू होते. एक घडी, दुसरी घडी. मग एक दुपटं मांडीवर तसंच उलगडलेलं राहिलं. वाचून संपलं तेव्हा आतून फक्त बाळाचं चुटूचुटू दूध पिणं ऐकू येत होतं.

आता शिव्या येतील, म्हणून मिस्त्री वाट बघत राहिले. वहिनींनी मान वर केली नाही.

"तेवढं पुन्हा वाचा," त्या म्हणाल्या. "तो प्यायलेला नव्हता असं लिहिलंय ना, तिथून."

मिस्त्रींनी कागद डोळ्यांजवळ धरला.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. त्यांनी उठून रस्त्याकडची खिडकी उघडली. "हं. आता मोठ्याने."