हेनिंगने देऊन टाकलेला नकार

हेनिंग गेझीनच्या शब्दात राहायचा, आणि एकाने सांगायचं, दुसऱ्याने ऐकायचं असं आपसात ठरवून जगणाऱ्या हॅम्बुर्गमधल्या आमच्या मंडळींना त्या दोघांचा हेवा वाटायचा. ती नाटकाच्या थिएटरात रंगमंच सांभाळायची, नटांपासून सुतारांपर्यंत सगळ्यांवर आवाज चढवणारी. तो फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे अवघडलेले खांदे मोकळे करायचा आणि घरी आला की स्वतःला तिच्या हाती द्यायचा. ती सांगेल ते कपडे, ती सांगेल ते काम, ती म्हणेल तेव्हा तिच्या पायाशी बसणं. पण नको वाटलं की तो फक्त ‘दीपस्तंभ’ हा ठरलेला शब्द म्हणायचा आणि सगळं तिथल्या तिथे थांबायचं. रागावणं नाही, रुसणं नाही. मग दोघं बटाटे सोलत चारचौघांसारखी भांडायची.

हेनिंगला हे पुरेनासं झालं. एका रविवारी तो आमच्याकडे आला.

मी डिर्कचा गुलाम आहे, राजीखुशीने. आता दोघांचेही केस पिकले, त्यामुळे असले प्रश्न घेऊन लोक माझ्याकडेच येतात.

“लुट्झ, फरक काय रे नेमका?” त्याने विचारलं. “मीही ऐकतो, तूही ऐकतोस.”

“तू रोज देतोस. आज दिलंस, उद्या नाही दिलंस, देणारा हात तुझाच. मी एकदाच दिलं. त्यानंतर डिर्क मला विचारत नाहीत, सांगतात.”

“आणि नाही पटलं तर?”

“तसं बोलतो. कधी ते मानतात, कधी नाही. अगदीच असह्य झालं तर दार उघडं आहे, मी कायमचा चालता होईन. पण आजच्यापुरतं नाही म्हणायची सोय माझ्याकडे नाही.”

आतून डिर्क ओरडले, “मालकाचं काय होतं तेही सांग त्याला! झोप उडते म्हणावं!”

हेनिंग हसला. मी हसलो नाही, कारण डिर्क थट्टा करत नव्हते.

हेनिंगने आपला नकार असाच कायमचा देऊ केला, तेव्हा गेझीन आधी तयारच होईना. शेवटी म्हणाली, “बरं, हा हिवाळा करून बघू.” त्या दिवसापासून ‘दीपस्तंभ’ बंद झाला. हेनिंग तिला अहोजाहो करू लागला. तो इतका खुशीत असायचा की आम्ही त्याला ‘नवरदेव’ म्हणून चिडवायचो.

जानेवारीत एका दुपारी दोन तासांवरच्या हुसुम गावाहून त्याच्या बहिणीचा, इम्केचा, फोन आला. वडील अंगणातल्या बर्फावरून घसरले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं, संध्याकाळी ऑपरेशन होतं, आणि हृदय आधीच कमजोर असल्याने डॉक्टर काही सांगायला तयार नव्हते.

“सारखं तुझंच नाव घेतायत,” इम्के म्हणाली. “ये लगेच.”

हेनिंगने गेझीनला फोन लावला. तिकडे तालीम चालू होती, रंगमंचावरचा सरकता जिना अडकला होता आणि दोन नट एकमेकांच्या अंगावर धावून जात होते.

“बाबा पडलेत. हुसुमला जाऊ का?”

“आज नाही रे. घरीच थांब,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्याने पुन्हा लावला. तिने उचलला नाही. मग त्याने मला लावला. त्याचा आवाज ऐकून मी डिर्कना विचारलं, “जाऊ का त्याच्याकडे?”

“जा. पण त्याने काय करायचं ते तू ठरवू नकोस.”

मी पोहोचलो तेव्हा हेनिंग अंगात कोट, पायात बूट घालून खुर्चीवर बसला होता. गाडीची किल्ली टेबलावर होती. इम्केचा फोन वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा.

“उचल तरी,” मी म्हणालो.

“काय सांगू? परवानगी नाही म्हणून?”

“हेनिंग, दार उघडं आहे.”

“माहितीये. पण आत्ता त्या दारातून गेलो, तर ते नुसतं हुसुमला जाणं नाही ना? गेझीनला सोडणं आहे. तूच म्हणालास, मधलं काही नसतं.”

माझेच शब्द त्याने माझ्यापुढे ठेवले होते. ऊठ गाढवा, बाप आहे तुझा, असं अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून मी जिना उतरलो आणि थेट थिएटर गाठलं.

गेझीन कानाला हेडफोन लावून कोणावर तरी खेकसत होती. मला बघून वैतागली. “लुट्झ? आत्ता?”

“हेनिंगला थांबायला सांगितलंस? संध्याकाळी त्याच्या बाबांचं ऑपरेशन आहे.”

“ऑपरेशन? बाबा पडले असं काहीतरी म्हणत होता खरा. इथे जिना अडकलाय, माझं डोकं ठिकाणावर...” ती थांबली. “गेला असेल ना पण?”

“बसलाय.”

“बसलाय म्हणजे? अरे, त्याने वाद घालायचा! नेहमी घालतो.”

“आता नाही घालत. तो हक्क त्याने तुला दिलाय.”

हेडफोन सहायकाच्या हातात कोंबून ती तशीच निघाली, मी तिच्या मागोमाग. घरी दारातूनच ओरडली, “मूर्खा, का नाही गेलास?”

“तुम्ही नाही म्हणालात,” हेनिंग म्हणाला. त्याचा आवाज शांत होता. तो शांतपणा तिला मारापेक्षा जास्त लागला, असं ती मला नंतर म्हणाली.

निसरड्या रस्त्यावरून गाडी तिनेच चालवली. ते पोहोचले तेव्हा वडिलांना आत नेलं होतं. इम्के भावाकडे बघून म्हणाली, “आलास? ते विचारून विचारून थकले,” आणि तोंड फिरवून बसली.

म्हातारा वाचला. वसंतापर्यंत काठी घेऊन चालायलाही लागला. इम्के अजूनही भावाला चहा देते, पण त्याच्याजवळ बसत नाही.

ऑपरेशननंतरच्या आठवड्यात हेनिंग आणि गेझीन दोघं आमच्या स्वयंपाकघरात आली.

“मी एवढी वर्षं जोर लावत होते, कारण हा मागे ओढणार हे मला ठाऊक होतं,” गेझीन म्हणाली. “याच्या नकाराचा मला आधार होता. तो गेला आणि माझा तोंडातून निसटलेला शब्द कायदा झाला. मला हे नको.”

“मला मात्र त्या खुर्चीत पहिल्यांदा वाटलं, की मी सगळं दिलं,” हेनिंग म्हणाला.

“आणि बाबा गेले असते तर?” गेझीनने विचारलं.



डिर्क म्हणाले, “पहिलं वर्षभर मी लुट्झला घाईत एकही उत्तर दिलं नाही. ‘थांब, विचार करून सांगतो.’ चहात साखर घालू का विचारलं तरी तेच. वेड लागायची पाळी आली होती मला. प्रत्येकाने हे करावंच असं थोडंच आहे?”

गेझीन ठाम राहिली. पुन्हा ‘दीपस्तंभ’ आला, भांडणं आली. हेनिंगला मात्र ते अपमानासारखं लागलं. मार्चमध्ये तो बॅग भरून आमच्याकडे राहायला आला. डिर्कनी त्याला कुंपण रंगवायला लावलं. रंग वाळायच्या आत त्याने बॅग उचलली.

“काय, ठरलं?” मी विचारलं.

“तिला मालकीण व्हायचं नाही. आणि मला दुसरी कोणी नको.”

“म्हणजे मन मारून परत जातोयस?”

“थोडं मारून,” तो म्हणाला. “तिनेही मारलंच असेल की.” आणि बस पकडायला निघाला.