मधोमध उगवलेली बरणी

दुपारी वहिनीने सांगून टाकलं की उद्यापासून ती कामावर यायची नाही. तिचे डोळे गेलेत.

बरण्या भरायच्या कारखान्यात वहिनी सरकत्या पट्ट्याच्या टोकाशी बसून झाकणं तपासायची. त्याच पट्ट्यावर सकाळी तिच्या नणंदेने कॅमेरा बसवला होता. बरणी समोरून गेली की सेन्सर कॅमेऱ्याला खूण करणार, कॅमेरा किंचित थांबून फोटो काढणार, आणि झाकण वाकडं निघालं तर एक दांडा ती बरणी टोपलीत ढकलणार. पण टोपलीतली झाकणं वहिनीला सरळ दिसत होती आणि पुढे आलेली वाकडी. यंत्र खोटं बोलत नाही, असं मालक म्हणून गेले. मग खोटं बोलणारं उरलं कोण?

नणंदेने टोपलीतली बरणी उचलली. झाकण सरळ. पडद्यावर फोटो बघितला. वाकडं. तिने चष्मा पुसला, पुन्हा दोन्हीकडे बघितलं.

"तुम्हालाही सरळच दिसतंय, वन्सं?" वहिनीने हळूच विचारलं.

"सरळच."

"मग घरात साथच आलीय म्हणायची."

शेवटी नणंदेने केसांचा रबर काढला, एका वाकड्या झाकणाच्या बरणीला चढवला आणि ती पट्ट्यावर सोडली. फोटो आला, रबरासकट, अगदी झकास. दांड्याने मात्र तिच्या पुढे चाललेल्या गरीब बरणीला ढकललं, आणि रबरवाली डौलात निघून गेली.

नणंद मटकन स्टुलावर बसली. सकाळी फोटोत बरणीची नुसती कड येत होती. कॅमेरा घाई करतोय असं समजून ती थांबायचा वेळ वाढवत गेली. वाढवता वाढवता बरणी पुरती नाहीशी झाली, आणि मग अख्खी, मधोमध उगवली. तिने खुशीत चहासुद्धा घेतला. उगवली होती ती मागची बरणी; दांडा मात्र पुढचीलाच ढकलत होता. कॅमेऱ्याला मुळात उशीर होत होता, आणि हिने त्याला आणखी रेंगाळायला लावलं होतं.

तिने वेळ घटवला. रबरवाली पुन्हा सोडली. दोघी बघत राहिल्या. दांडा हलला आणि तीच बरणी टोपलीत पडली.

वहिनीने रबर सोडवून नणंदेच्या हातात दिला.

"म्हणजे माझे डोळे शाबूत आहेत."

"आहेत, वहिनी."

"मग केस बांधा आणि मालकांना सांगून या. सकाळपासून भरलेली बरण्यांची खोकी उद्या पुन्हा उघडायचीत, आणि मी एकटी नाही बसणार."