आधी पाणी

डोळ्यांचे डॉक्टर दत्तोपंत सबनीस पेशंटवर ओरडतात, हे भाऊसिंगजी रोडवरच्या टांगेवाल्यांनाही ठाऊक होतं. पण ते उगाच ओरडत नसत. उसाचं पान लागलं म्हणून कुणी डोळ्यात तूप भरून येई. कुसळ गेलं म्हणून कुणी आठवडाभर बाळंतिणीचं दूध घाली आणि बुबुळावर पांढरं फूल पडल्यावर दवाखान्याची पायरी चढे.

बावन्न सालच्या दिवाळीआधी कागलची तानाबाई लोहारीण आपल्या भावाला घेऊन आली. भिंतीला चुना देताना त्याच्या डोळ्यात शिंतोडा उडाला होता. घरच्यांनी एरंडेल घालून वर फडकं बांधलं आणि दुसऱ्या दिवशी एसटीत बसवलं.

"पाणी का नाही ओतलं?" डॉक्टर कडाडले. "तिथल्या तिथे घागरभर पाणी ओतलं असतं तर डोळा वाचला असता! डोळ्यात काही गेलं की आधी पाणी. काय म्हणालो?"

"आदी पानी," तानाबाई पदरानं डोळे टिपत म्हणाली.

भावाचा डोळा गेला तो गेलाच.

चैत्रात तीच तानाबाई पुन्हा दारात उभी राहिली. या खेपेला बरोबर नवरा होता, आकाराम. नांगराचा फाळ ठोकताना छिन्नीची कपची उडून त्याच्या उजव्या डोळ्यात गेली होती.

डॉक्टरांनी पापणी हलकेच उचलली. बाहुली गोल राहिली नव्हती. एका बाजूला ओढली जाऊन थेंबासारखी झाली होती, आणि जखमेतून आतला काळा पडदा डोकावत होता.

"याला कुणी हात लावला?"

"मी," तानाबाई ताठ मानेनं म्हणाली. "डोळा फाकून धरला आन दोन घागरी पानी वतलं. मग पदराचा बोळा करून दाबून पुसलं. आजाबात कसूर केली न्हाय."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो बाई, दाबलंत कशाला? डोळा फुटलाय! फुटलेल्या डोळ्याला बोटसुद्धा लावायचं नसतं!"

"मग तवा सांगायचं की!" आता तानाबाईचाही आवाज चढला. "काय बी गेलं की आदी पानी, आसं तुमीच वरडलासा. चुना येगळा, लोखंड येगळं, ह्ये मला कुणी शिकवलं? भावाच्या टायमाला पानी वतलं न्हाय म्हून शिव्या, आता वतलं म्हून शिव्या! मानसानं करायचं तरी काय?"

डॉक्टरांचे रागाने कान तापले होते, आणि राग कुणावर काढावा हेच कळत नव्हतं. त्यांनी आकारामच्या डोळ्यावर पत्र्याची वाटी उपडी ठेवली, तिची कड कपाळाच्या आणि गालाच्या हाडावर टेकवली, वरून पट्टी चिकटवली आणि दुपारच्या गाडीनं दोघांना घेऊन स्वतः मिरज गाठली. तिथल्या इस्पितळात मोठ्या लोहचुंबकानं कपची निघाली. डोळा राहिला, पण नजर हातभर अंतरावरची बोटं मोजण्यापुरतीच. दुसरा डोळा शाबूत होता. महिन्यानं आकाराम भात्यापुढे बसला.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी डॉक्टर कागलला गेले. लोहारांच्या पालांपुढे उभे राहून त्यांनी बेंबीच्या देठापासून ओरडायला सुरुवात केली. चुना, सोडा, उसाचा उकळता रस उडाला तर पाणी. लोखंड, काटा रुतला तर पाणी नको, चोळू नका, उपसू नका! माणसं जमली आणि एकमेकांकडे बघून हसू लागली.

तानाबाई घण ठेवून पुढे आली.

"तुमी गप ऱ्हावा, डाक्टर. वरडलं की निम्मंच ऐकू येतंय."

तिनं आकारामला पुढे बसवलं, चहाची कपबशी मागवली आणि कप त्याच्या डोळ्यावर कसा टेकवायचा, डोळ्याला कसा लागू द्यायचा नाही, ते शांतपणे दाखवलं. माणसं पुढे सरकून बघू लागली. दोघा लोहारांनी करूनही पाहिलं.

डॉक्टर घाम पुसत बाजूला झाले, तोच एका म्हाताऱ्यानं त्यांची बाही धरली.

"पावणं, डोळ्याचं समजलं. पर माझा गुडघा लई दुखतोय, त्येच्यावर पानी वतू का कप ठिवू?"