डावी नळी

आत्यानं गाडीचं दार बंदुकीवर आपटलं आणि वर म्हणाली, बंदूकच मध्ये आली. आमच्या घरात चूक माणसाची कधीच नसते, नेहमी वस्तूची असते. बंदूक दुनळी. उजव्या नळीला ओरखडासुद्धा आला नाही, पण डावीला अंगठा मावेल एवढा पोचा पडला, आणि तोही नेमका पुढच्या, डाव्या हातानं बंदूक जिथे धरतात तिथून बोटभर पुढे. असा पोचा ठेवून बार काढला तर नळी फुटते आणि बोटं जातात. हे आत्यालाही माहीत होतं, म्हणून ती तशीच थेट आमच्या दुकानात आली.

दुकान बंदुका दुरुस्त करायचं. बाबांचा जन्म तिथे गेला. आता त्यांना जवळचं नीट दिसत नाही, म्हणून दुकान मी चालवते. दुरुस्त झालेली नळी वापरायला योग्य आहे की नाही हे मी ठरवते, खाली सही माझी असते. आत्या बाबांची थोरली बहीण, सत्तरी ओलांडलेली, आणि नेमबाजीत अजून भल्याभल्यांना घाम फोडणारी. रविवारी तिची स्पर्धा होती. मातीच्या चकत्या हवेत उडवतात आणि त्या फोडायच्या असतात. दुसऱ्या कुणाची बंदूक घे म्हटलं तर तिला चालत नाही, कारण हिचा खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता बाबांनी तरुणपणी तिच्या हाताच्या मापानं कापलेला. दुसरी बंदूक लावली की तिचा खांदा काळानिळा पडतो आणि मग आठवडाभर ती आम्हाला बोलते.

नळी मी करणार होते. पण मला दोन दिवस बाहेरगावी जावं लागलं, आणि परत येते तो काय, बाबांनी ती करून ठेवलेली. नाकावर राग घेऊनच मी जन्माला आले, असं आत्या म्हणते, तर त्या दिवशी तो नाकावरून खाली उतरायलाच तयार नव्हता. मी म्हटलं, थांबायला काय झालं होतं तुम्हाला? बाबा म्हणाले, आधी बघ तर खरं.

बघितलं, आणि राग उतरला. आतून पोलादाचा गोळा सरकवून, वरून हलक्या हातानं ठोकत त्यांनी पोचा असा काही उचलला होता की कुठे होता ते सांगता येईना. आणि आतून नळी म्हणजे आरसा. बाबांना सफाईचा सोस पहिल्यापासून. पूर्वी डोळे सांगायचे, बस झालं. आता डोळे काही सांगत नाहीत, म्हणून ते हाताला गुळगुळीत लागेपर्यंत घासतात, आणि मग खात्रीसाठी अजून थोडं. अति तिथे माती, दुसरं काय. घासलेलं पोलाद जातंच ना, तेवढी नळी पातळ होते.

मी दोन्ही नळ्या दोरीला टांगल्या आणि हातोडीच्या लाकडी मुठीनं हलकेच ठोकलं. आवाज स्वच्छ आला, लांबपर्यंत घुमला, कुठे खरखर नाही. खिडकीकडे धरून आतून पाहिलं. उजेडाची कडी अखंड. मग जाडी मोजायचं गेज घातलं. डावीचा काटा आमच्या दुकानात चालणाऱ्या कमीत कमी जाडीवर जाऊन बसला, ना इकडे ना तिकडे. काठावर पास झालेल्या पोरासारखा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली.

बाबांनी माझा चेहरा ओळखला. नाही तरी हा चेहरा त्यांच्याकडूनच आलेला. ते म्हणाले, "पहिला बार मी काढतो, माझ्या खांद्यावरून. जी नळी आपण केली तिला आधी आपला गाल लावायचा, ही आमच्या उस्तादांची रीत होती." आणि खरंच काडतुसाच्या कपाटाकडे निघाले.

माझं डोकं फिरलं. "बाबा, तुमची हिंमत मोजायची नाहीये मला. नळी मोजायची आहे."

ते दुखावले. मला दिसलं ते, आणि वाईटही वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही. आत्यानं आपल्या पद्धतीनं मध्यस्थी केली. तिचं म्हणणं, भाऊ गेला तर तिला रडत बसावं लागेल आणि स्पर्धा बुडेल, तेव्हा मुलगी सांगते तसं कर.

दुकानामागे चाचणीची जागा आहे, तीन बाजूंनी मातीचा बांध. जुन्या टायरवर बंदूक घट्ट बांधली, मुद्दाम भारी भरलेली काडतुसं घातली, चापाला लांब दोरी लावली आणि आम्ही तिघं विटांच्या भिंतीआड जाऊन बसलो. दोरी ओढायचा मान आत्यानं मागून घेतला. आधी उजवी, मग डावी, मग पुन्हा दोन्ही. दर बाराला टायर उडी मारायचा. नळी फुटली नाही. आत्यानं तिथेच गिरकी घेतली, गुडघ्याचं दुखणं विसरून, आणि बाबा माझ्याकडे बघत राहिले, सांगितलं नव्हतं का, असं.

पण न फुटणं म्हणजे पास होणं नव्हे. बार काढल्यावर पुन्हा मोजायचं असतं.

नळ्या थंड झाल्या तशा मी टेबलावर आणल्या. गेज पुसेपर्यंत बाबांनी त्या उचलल्या आणि डावीवरून सावकाश अंगठा फिरवला. अंगठा एका जागी जरासा थांबला, मग पुढे गेला. त्यांनी नळ्या खाली ठेवल्या आणि फडक्याला हात पुसले.

मी गेज घातलं. उजवी होती तशीच होती. डावीचा काटा हलला होता. केसाएवढा, पण हलला होता. नळी फुगली होती.

"काय म्हणतंय गेज?" बाबांनी विचारलं.

त्यांना काटा दिसत नव्हता. आत्याला गेजमधलं ओ की ठो कळत नाही. त्या खोलीत वाचता येणारी मी एकटी. कानस कशी धरायची हे ज्या हातांनी मला शिकवलं, त्या हातांनी केलेली ही नळी, आणि कदाचित शेवटची. ठीक आहे, एवढे दोन शब्द म्हटले की झालं. खोटं कशाला बोलू, ते शब्द माझ्या जिभेवर आले होते. मग आत्याचा डावा हात दिसला. तो टेबलावरच होता.

"बाबा, फुगली आहे," मी म्हटलं. "डावी चालणार नाही."

बाबांनी मान हलवली. "माझ्या अंगठ्याला कळलं होतं." मग म्हणाले, "तू ठीक आहे म्हणाली असतीस ना, तर मी गप्प बसलो असतो."

आत्यानं एकदा भावाकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या बोटांकडे.

"म्हणजे बोटं माझी आणि लाज तुझी?" ती म्हणाली. "बरा सौदा आहे रे."

आणि टेबलावरचं तेलकट फडकं उचलून तिनं बाबांच्या पाठीत हाणलं, एकदा नाही, चांगलं तीनचारदा. चौथ्या फटक्याला बाबांना हसू फुटलं. मग तिला फुटलं. मी रडत होते की हसत होते, मलाच कळेना, पण छातीवरचा दगड उतरला एवढं खरं.

दम खाऊन झाल्यावर आत्यानं विचारलं, "उजवीचं काय?"

उजवी ठणठणीत आहे, मी म्हटलं.

"मग एक पुरे. मला नवराही एकच होता."

डावी कायमची बंद करायचं काम बाबांनी मागून घेतलं. पितळेचं बूच घडवलं, डावीच्या मागच्या तोंडात, काडतुसाच्या जागी, असं बसवलं की कुणालाही, कधीही, तिच्यात काडतूस घालता येऊ नये, आणि काडतुसावर आपटून बार उडवणारी डावीची टाचणीही काढून टाकली. जेवायला हाका मारल्या तरी उठले नाहीत. मी बूच हलवून बघितलं, ठोकून बघितलं, आणि सही केली. या खेपेला बाबा स्वतःहून म्हणाले, अजून एकदा ठोक.

रविवारी मैदानावर दातांचे डॉक्टर भेटले. दर वर्षी ते आत्याच्या पुढे असतात आणि दर वर्षी तिच्याकडे तिच्या कवळीची चौकशी करतात. त्यांनी अर्धी बंदूक आणलीत का म्हणून विचारलं. आत्या नुसती हसली. मला मात्र धाकधूक होती, कारण एका चकतीला दोन बार चालतात आणि आत्याची सवय मला माहीत होती. पहिला घाईनं उडवायचा, चुकला तर दुसरा आहेच. आता दुसरा नव्हता. चकती उडाली, आत्या थांबली, बंदूक त्या चकतीमागून शांतपणे फिरली, आणि चकतीचा भुगा झाला. पुढचीचाही. बाबांना लांबचं चांगलं दिसतं. भुगा उडाला की ते माझा दंड दाबायचे, आणि संध्याकाळपर्यंत माझा दंड आत्याच्या खांद्याहून निळा झाला होता.

पहिली आली पोस्टातली एक तरुण बाई. आत्या दुसरी, डॉक्टर तिसरे. आत्याला तेवढंच हवं होतं. ती डॉक्टरांना त्यांची तब्येत विचारून आली.

निघताना डॉक्टर आमच्याकडे आले, जरा ओशाळे होऊन. त्यांच्याही बंदुकीला पोचा होता म्हणे, बरेच दिवस, आणि ते तशीच वापरत होते. हे ऐकून मी तोंड उघडलं होतं, पण बाबांनी हातानं मला थांबवलं.

"आणा उद्या," ते डॉक्टरांना म्हणाले. "दुरुस्त मी करीन. पण वापरायची की नाही, ते ही सांगेल. ही नाही म्हणाली तर माझ्याकडे यायचं नाही. मीही नाहीच म्हणणार."

मला फार आनंद झाला. मग मी डॉक्टरांना, तसली बंदूक वापरता कशी, वेड लागलंय का, म्हणून चांगलं फैलावर घेतलं, आणि बाबा शेजारी उभे राहून प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते.