शेवटची बाटली

“हळू उघड गं. दार आपटलंस तर तुलाच आत ठेवीन,” ताई म्हणाल्या.

मी प्रयोगशाळेतल्या उबदार कपाटाचं दार श्वास रोखून उघडलं. आत एकच बाटली उरली होती. तिच्या भावंडांना आम्ही आधीच्या तपासण्यांत उघडून संपवलं होतं. ही मात्र वर्षभर तसूभरही हललेली नव्हती. दारावर ताईंच्या अक्षरात चिठ्ठी होती : ‘हात लावाल तर याद राखा.’

फिट्सचं हे औषध तेलात विरघळतं, आणि तेल पाण्यात टिकत नाही, वर येतं. म्हणून बाजारातली बाटली दर वेळी हलवावी लागते. ताईंनी तेलाच्या थेंबांभोवती नॅनोकणांचं कवच बसवलं होतं, म्हणजे थेंब एकमेकांत मिसळायला नकोत. तेलात गाजराचा केशरी रंग घातलेला. तो औषधाला उजेडापासून जपायचा आणि चहाडीही करायचा. तेल सुटलं, तर बाटलीच्या मानेशी केशरी कडं दिसणार. आज ते दिसलं नाही, तर औषध मुलांपर्यंत नेण्याची पुढची पायरी.

माझी लेक बाजारातलंच औषध घेते. मी कामावर असते तेव्हा सासूबाई देतात. रोज दुपारी मी फोन करते.

“आई, बाटली हलवलीत ना?”

“हलवली गं बाई, खांदा निखळेपर्यंत हलवली!”

तरी माझा जीव भांड्यात पडत नाही.

ताईंना हे सांगावं लागलं नव्हतं. त्यांचा मुलगाही याच औषधावर होता. तेव्हा हलवा म्हणून त्यांना कुणी सांगितलंच नाही. वरचं वरचं ओतलं जायचं. बाटली नवी असली की पोर गुंगून पडायचं, तळाला आली की आकडी. लक्षात आल्यापासून त्यांनी घरात एकही बाटली न हलवता उघडली नाही. मुलगा शाळेत जायच्या आधीच गेला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, काचसामान धुताना, पाठमोऱ्या उभ्या राहून.

त्यांच्या नोकरीचा हा शेवटचा आठवडा. साहेब मुद्दाम खाली आले होते. “चला ताई, तुमच्या लेकराचा निकाल लावू या.”

ताईंनी बाटलीची मान धरून ती अलगद उचलली, उजेडाकडे नेली, आणि खळाखळा हलवली.

ताई बाटलीकडे बघतच नव्हत्या. त्या स्वतःच्या हाताकडे बघत होत्या.

साहेब खाकरले. माझ्याकडे वळले. “तुमचं लक्ष होतं ना? कडं नव्हतं. हो ना?”

माझं लक्ष होतं. माझं सगळीकडेच असतं, तो माझा आजारच आहे. खालून वरपर्यंत एकसारखा केशरी रंग मी पाहिला होता. आणि मला हे औषध घरी हवं होतं.

“एकसारखी होती,” मी म्हणाले.

“झालं तर मग. लिहून टाका.”

“थांब,” ताई म्हणाल्या. “मान दिसली तुला?”

“ताई, बाकीचं सगळं तर...”

“मी मान विचारतेय. कडं तिथं धरतं. आणि तिथं माझी बोटं होती.”

मी उचललेलं पेन खाली ठेवलं.

“अहो ताई, पुन्हा पहिल्यापासून?” साहेबांचा आवाज उतरला. “तुम्ही तर तेव्हा...”

“मी नसेन. ही असेल ना.” ताईंनी हनुवटीनं माझ्याकडे खूण केली. “साहेब, यावर आपण ‘हलवायची गरज नाही’ असं छापणार. कुणाची तरी आई त्यावर विश्वास ठेवणार.”

मी लिहिलं : बाटली हलवली गेली. निष्कर्ष नाही. अक्षर माझंच होतं, पण वाकडं आलं.

दुपारभर आम्ही नवं मिश्रण केलं. ताईंनी गाजराचा रंग तेलात कसा सोडायचा ते पुन्हा दाखवलं, मला येत असूनही. घरी फोन करायचा राहिला, तेव्हा सासूबाईंचाच आला. “आज विचारलं नाहीस? हलवली हो.”

बाटल्या भरून झाल्या. कपाटाशी आल्यावर मी ट्रे ताईंपुढे धरला.

“तूच ठेव,” त्या म्हणाल्या.

मी एकेक बाटली बुडाशी धरून आत ठेवत गेले. ताई जवळच उभ्या होत्या, आपलं उजवं मनगट डाव्या हातानं घट्ट धरून.