व्हर्लिनच्या नावावरचे तास

व्हर्लिन कुबिचेकला कुणाला त्रास द्यायला आवडत नसे, आणि या एका गुणापायी त्याच्या बायकोने जन्मभर त्रास सोसला. हॉटेलात दुसऱ्याचंच ताट पुढ्यात आलं तर तो ते मुकाट्याने खायचा. एकदा न्हाव्याने कानाला कात्री लावली, तेव्हा रक्त पुसत हाच म्हणाला, "असू दे, दुसरा आहे." नेब्रास्कात असे पुरुष पैशाला पासरी मिळतात. कसं काय विचारलं की उत्तर ठरलेलं, ठीक आहे. घराला आग लागली असली तरी ठीकच असतं त्यांचं.

उन्हाळ्यात ट्रकचालकांची सरकारी तपासणी झाली. डॉक्टर ब्रँटनी व्हर्लिनच्या मानेला टेप लावली, आकडा बघून भुवया उंचावल्या आणि एका रात्रीपुरतं बोटाला लावायचं यंत्र घरी दिलं. निकाल आला, झोपेत तासाला सत्तेचाळीस वेळा श्वास अडतो. ट्रक चालवायला तब्येत धड असल्याचं कार्ड डॉक्टरांनी दोन वर्षांऐवजी तीनच महिन्यांचं हातावर ठेवलं. तेवढ्यात झोपेत मास्कमधून हवा देत राहणारं सीपॅप मशीन घ्यायचं, आणि तीस रात्रींपैकी निदान एकवीस रात्री, दर रात्री चार तास, मास्क लावून झोपल्याचा पुरावा आणायचा. नाहीतर ट्रक बंद. ट्रक बंद म्हणजे पशुखाद्याच्या गिरणीतली नोकरी बंद, आणि नोकरीबरोबर नवराबायको दोघांचा आरोग्यविमा बंद. व्हर्लिन एकोणसाठ वर्षांचा होता. या वयात त्याला दुसरं काम कोण देणार होतं?

विमा होता म्हणायचा. पण वर्षाचे पहिले चार हजार डॉलर तुम्ही भरा, मग आम्ही बघू, असा तो विमा. म्हणून त्याची बायको आर्डिस आधी जुन्या मशीनच्या मागे लागली. गिरणीच्या फळ्यावर चिठ्ठी होती, "सीपॅप, दोनशे डॉलर, नवरा वारला." ती बघायला गेली. त्या बाईने धुण्याच्या टोपलीतून मशीन काढलं, नळी जपून ठेवलेली वस्तू असल्यासारखी हळुवार उलगडली. मशीन चालू होतं, पण जुनं. रात्रीचे आकडे आपणहून डॉक्टरकडे पाठवायची सोय त्यात नव्हती. आर्डिसने बाईशी दोन शब्द गोड बोलून काढता पाय घेतला. खरं सांगायचं तर चिठ्ठीतले शेवटचे दोन शब्दच तिला नको झाले होते.

नवं मशीन मास्क धरून अकराशेच्या वर जात होतं. व्हर्लिनने मासेमारीची बोट विकली. "मासे कुठे पळून जाताहेत?" म्हणाला. बोट शेजाऱ्याने घेतली, त्यामुळे ती रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायची. आर्डिसने मग त्या खिडकीला पडदा लावला.

या सगळ्यात दोन महिने गेले, मग मशीन घ्यायला दोघं ग्रँड आयलंड शहरात गेली. दुकानातल्या ट्रिना नावाच्या मुलीने व्हर्लिनच्या तोंडावर कागदी माप धरलं.

"तुम्ही मीडियम आणि लार्जच्या मधोमध बसता हो. या खाटेवर जरा पडून बघा, म्हणजे कळेल."

परक्या मुलीसमोर, भर दुपारी, आडवं व्हायचं! व्हर्लिनचे कान लाल झाले. चादर मळू नये म्हणून बूट हवेत धरून तो दहा सेकंद मीडियम मास्क लावून पडला आणि उठला.

"कसं वाटतंय? नाकावर दाब?"

"ठीक आहे."

"नक्की? आणि या मिशीतून हवा गळेल बरं का."

"ती तीस वर्षांची आहे, पोरी. तिला सांभाळून घे."

ट्रिना हसली. "महिन्याभरात मास्क फुकट बदलून देते मी. लाजू नका, फोन करा."

तो फोन काही त्याने केला नाही. आणि तीस वर्षं या माणसाबरोबर काढलेल्या आर्डिसनेही त्याच्या 'ठीक आहे'वर विश्वास ठेवला, हे तिला पुढे स्वतःलाच पटेना.

नवव्या दिवशी ट्रिनाचा फोन आला, तो आर्डिसने घेतला. व्हर्लिन कामावर होता.

"अहो, रात्रीला जेमतेम तासभर दिसतोय. झोपेत काढून टाकतात का? नऊ रात्री फुकट गेल्या, आणि तपासणीला एकवीसच उरल्यात. आता एकही चुकवून चालायची नाही."

"सांगते त्यांना," आर्डिस म्हणाली. आणि खरंच सांगणार होती. पण व्हर्लिन घरी आला तोच इतका दमून, की खुर्चीत बसल्याबसल्या, हातात काटा तसाच, त्याची मान पडली. उद्या सांगू, तिने ठरवलं.

त्या रात्री त्याने मास्क ओरबाडून काढला तेव्हा ती जागीच होती. एवढं काय टोचतं याला, बघू तरी, म्हणून तिने तो स्वतःच्या तोंडावर लावला. मास्क तिच्या नाकावर असा बसला की जणू तिच्याच मापाचा करून आणला होता. हवा मऊ येत होती. पंख्यासारखा बारीक आवाज होता, आणि त्यापलीकडे व्हर्लिनचं घोरणं ऐकू येत नव्हतं. तिचा डोळा लागला. पहाटे दचकून उठली आणि मास्क काढून तिने त्याच्या उशाशी ठेवला. मनात काही पाप नव्हतं.

सकाळी व्हर्लिन मशीनसमोर उभा राहून ओरडला, "आर्डिस! ये, बघ! पाच तास! हिरवा हसरा चेहरा दाखवतंय! अगं, मला कळलंसुद्धा नाही!"

किती दिवसांनी तो असा हसला होता. बोट गेल्यापासून नाही. आर्डिसच्या ओठांवर आलेलं तिथेच राहिलं. "बघ," ती म्हणाली, "जमलं की."

दुसऱ्या रात्री मात्र ती जाणूनबुजून जागी राहिली, त्याने मास्क काढायची वाट बघत.

असं रोज होऊ लागलं. नळी त्याच्या अंगावरून ओढून घ्यायची, पहाटे परत ठेवायची. ट्रिनाचा कौतुकाचा फोन आला. आर्डिसचा चेहरा उजळला, ती कामाला होती त्या शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बायका विचारायला लागल्या, कुठली क्रीम लावतेस गं? ती विषय बदलायची. कारण इतकी वर्षं व्हर्लिनचा श्वास अडला की ती झोपेतच त्याला कोपर मारायची आणि तो फस्सकन श्वास घ्यायचा. आता तिला ऐकूच येत नव्हतं. मशीनही त्याचं नाही आणि बायकोही जागी नाही, असा तो रात्रभर एकटा पडलेला असायचा.

व्हर्लिन उलट खंगत चालला. त्यात आकड्यांनी त्याची समजूत पक्की केलेली.

"सहा तास लावतोय मी ते," तो कॉफी ढवळत म्हणाला, "तरी असा मेल्यासारखा. म्हणजे रोग दुसराच असणार. का हे म्हातारपणच आहे, कोण जाणे."

"डॉक्टरांना सांग ना तसं."

"आणि त्यांनी कार्ड अडकवलं तर? हिरवा चेहरा येतोय तोवर गप्प बसावं माणसाने."

आर्डिसने बशी धुवायला घेतली. ती आधीच धुतलेली होती.

तपासणीच्या आधीच्या मंगळवारी तो घरी आला तो ट्रकच्या बंपरमध्ये सोयाबीनची झाडं अडकवून. हरीण आडवं आलं, म्हणाला. आर्डिस दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मुद्दाम त्या वळणावर थांबली. चाकांचे ठसे रस्ता सोडून सरळ शेतात घुसले होते. वळल्याची खूण नाही, ब्रेकची तर नाहीच. हरीण बघितलेला माणूस काहीतरी करतो. ती तिथे उभी असतानाच पावणेचारची शाळेची पिवळी बस त्याच वळणावरून आली, आणि आतल्या पोरांनी तिला ओळखून काचेला हात लावले. दुपारीच तिने त्यांना उकडलेला मका वाढला होता. आर्डिसने हात वर केला. बस दिसेनाशी होईपर्यंत तो तिने खाली घेतला नाही.

तरीही ती बोलली नाही. उद्या गुरुवारी तपासणी, तेवढी कळ काढू, तिने स्वतःला समजावलं, एकदा कार्ड मिळालं की मग याला सगळं सांगू, मग नीट करू. माणूस भ्याला की त्याला असलेच हिशेब सुचतात.

गुरुवारी डॉक्टर ब्रँटनी कागद उघडला आणि खूष झाले. "एकवीस रात्री, सहा-सहा तास! आणि सत्तेचाळीसवरून दोन! कुबिचेक, हे मी भिंतीवर लावायला हवं. दिवसा पेंग वगैरे?"

"नाही," व्हर्लिन म्हणाला. "ठीक आहे."

येताना त्याला पेंग आली म्हणून आर्डिसने गाडीचं स्टिअरिंग दोनदा धरलं होतं. आणि आता तो डॉक्टरांच्या डोळ्यात डोळे घालून नाही म्हणत होता, तेही सरळ चेहऱ्याने. तिला त्याचा संताप आला, आणि मग लक्षात आलं, तो ही थाप तिच्याच जिवावर मारतोय. त्याला वाटतंय की कागद तरी खरा आहे.

डॉक्टरांनी पेन उघडलं.

"ते दोन माझे आहेत," आर्डिस म्हणाली.

"काय?"

"तासाला दोन वेळा श्वास अडतो, तो माझा. मास्क मी लावत होते. हा झोपेत काढतो, मग मी लावते. याला माहीत नाही. यातलं काहीच याला माहीत नाही, डॉक्टर." मग जे सांगायचं होतं ते सांगून टाकलं. "मंगळवारी ट्रक शेतात घुसला तेव्हा हरीण नव्हतं. मी बघून आले."

व्हर्लिन बायकोकडे बघत होता.

"किती रात्री?"

"एकवीस."

"म्हणजे सगळ्याच," तो म्हणाला. "मला एकदाही जमलं नाही."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. ते रागावले नाहीत, त्याचंच आर्डिसला जास्त लागलं. कार्ड आज देता येणार नाही, ते म्हणाले, आजपासून ट्रक बंद. खऱ्या रात्री मोजायच्या, मग बघू. "पण का काढता हो तुम्ही तो मास्क?"

व्हर्लिनने टोपी हातात फिरवली. "नाकाच्या हाडात घुसतो."

"मग दुकानात सांगितलं का नाही?"

"ती पोरगी फार चांगली होती हो. मास्कचं पाकीटही फोडलं होतं तिने."

डॉक्टरांनी कागद मिटला. "आज जा. आत्ता. मोठा मास्क मागा."

"फुकट बदलायचा महिना काल संपला," व्हर्लिन म्हणाला, आणि टोपी घालून बाहेर पडला.

गाडीशी तो दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. आर्डिसने गाडी काढली.

"गिरणीत काय सांगू?" थोड्या वेळाने तो खिडकीकडे तोंड करून म्हणाला. "बायकोने माझ्या वाटची झोप घेतली म्हणून?"

"सांग. खरंच आहे ते."

"पोटावर पाय दिलास, आर्डिस."

"दिला. तू मेला असतास तर? नाहीतर ती पोरांची बस? तुला टोचत होतं तर मला का नाही बोललास? मी काय परकी होते?"

"आणि तू? रोज सकाळी त्या हिरव्या थोबाडासमोर मला नाचवलंस, तेव्हा तू कोण होतीस?"

आर्डिसने त्याच्याकडे वळून पाहिलं. रागाच्या भरातसुद्धा त्याचा डोळा लागला होता. हनुवटी छातीवर, हात मांडीवर उताणे.

हमरस्त्याच्या सिग्नलला लाल दिवा होता. ती थांबली आणि व्हर्लिन घोरायचा थांबला. लख्ख उन्हात, इतक्या जवळून, तिने हे कधी पाहिलं नव्हतं. छाती वर जायला धडपडत होती पण आत काही जात नव्हतं. ओठांचा रंग उतरत होता. दिवा हिरवा झाला. मागच्या पिकअपने भोंगा वाजवला, मग दाबूनच धरला. एक गाडी बाजूने शिव्या देत निघून गेली. आर्डिसचा पाय ब्रेकवर आणि हात त्याच्या खांद्यापर्यंत जाऊन हवेत अडकलेला. हलवायचं हे तिला कळत होतं, हात हलत नव्हता.

मग त्याने गचका देऊन श्वास घेतला. डोळे उघडले, लाल झालेले. त्याने मागच्या भोंग्याकडे वळून पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे.

"काय झालं? का थांबलीयस?"

काही नाही, असं म्हणायची तिला सवय होती.

"तुझा श्वास थांबला होता."

"किती वेळ?"

तिने समोर बोट दाखवलं. "हिरवा होऊन परत लाल झाला."

व्हर्लिन त्या दिव्याकडे बघत राहिला. मागच्या माणसाने भोंगा वाजवायचं सोडून दिलं.

"ते मास्कचं दुकान किती वाजता बंद होतं?" त्याने विचारलं.