फळीवरची धाकटी

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. आमची आक्का म्हणते, हा जन्माला आला तोच भांडत. असेल बाबा. पण हातातलं काम मात्र चोख. दारं-खिडक्या करण्यात निम्मं आयुष्य गेलं, एक चौकट कुणी परत आणली नाही.

दुसरं लग्न झालं आणि घरात दोन मुली झाल्या. भिंगरी माझी, पहिल्या बायकोची. खारू नव्या बायकोची, तिच्याबरोबर आलेली. दोघी एकाच वर्गात. खरं तर खारूच चार महिन्यांनी मोठी. पण आल्या दिवशीच मी तिला समोर बसवून सांगितलं, "हे बघ, या घरात भिंगरी थोरली, तू धाकटी. ती रुसली तर इथे कुणाचंच जमायचं नाही." हसत हसतच म्हणालो हो मी! पोरीने मान डोलावली. मला वाटलं, काय गुणाची पोर आहे.

मग मनात आलं, दोघींची उंची मोजायला एक फळी करू. एका दारातून उरलेली, चांगली वाळलेली फळी होती. रंधा मारला, कडा घासल्या, तापलेल्या सळईने आकडे डागले. मधोमध रेघ ओढली. डावी बाजू भिंगरीची, उजवी खारूची. जुन्या घराच्या चौकटीवर भिंगरीच्या लहानपणापासूनच्या खुणा होत्या. त्या टेपने मोजून एकूण एक फळीवर उतरवल्या. उजवी बाजू कोरीच राहिली.

बायको म्हणाली, "हिची मापं मी सांगू का? कुठल्या वयात माझ्या कुठवर यायची, सगळं आठवतंय मला."

"आठवणीवर सुतारकाम होत नसतं," मी म्हटलं. माझ्याच बोलण्यावर मी खूश. ती हसली नव्हती, हे आता ध्यानात येतंय.

फळी भिंतीला ठोकली आणि दोघींना उभं केलं. डोक्यावर गुण्या टेकवायचा, म्हणजे काटकोन पक्का बसतो, केसांची लबाडी चालत नाही. खारू भिंगरीपेक्षा बोटभर कमी भरली. "बघ, म्हटलं नव्हतं धाकटी?" मी तिच्या पाठीवर थाप मारली. पुढच्या मापाला भिंगरी वाढली, खारूही वाढली, पण पुन्हा बोटभर खाली. मला भारी कौतुक. आल्यागेल्याला फळी दाखवायचो.

गेल्या रविवारी आक्का आली होती. तिच्यासमोर तिसरं माप घेतलं. पुन्हा बोटभर! आता मात्र माझं डोकं चाललं. एकाच लाकडाच्या दोन फळ्या कधी सारख्या फुगत नाहीत, मग दोन आयांच्या दोन पोरी इतक्या मापात कशा वाढतील? मी गुण्या तसाच धरून खाली बघितलं. पायघोळ झग्याच्या आत खारूचे गुडघे वाकलेले होते.

"लबाड कुठली!" मी असा ओरडलो की आक्काच्या हातातला चहा सांडला. "माझ्या फळीवर खोटं माप देतेस? ताठ हो!"

ती ताठ झाली. गुण्या माझ्या हातातूनच वर सरकला आणि भिंगरीच्या खुणेच्या चार बोटं वर जाऊन थांबला.

"अगं बाई!" आक्का म्हणाली.

"का केलंस हे? बोल!"

"तिला ओरडू नका," बायको मध्ये आली. "मीच सांगितलं होतं तिला, थोडी वाकून उभी राहत जा म्हणून."

तेवढ्यात भिंगरी म्हणाली, "बाबा, ती उंच आहे हे सगळ्या वर्गाला माहीत आहे. वरचा डबा मला तीच तर काढून देते."

"मग झालं तर! भिंगरीला राग येत नाही, मग वाकायचं कशाला ग?"

खारू जमिनीकडे बघत म्हणाली, "तिला नाही येत, काका. तुम्हाला येतो."

कुणी मुस्काटात मारली असती तर बरं वाटलं असतं. आक्का सांडलेला चहा पुसायला लागली, उगाच पुन्हा पुन्हा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या घरात एक पोर गुडघे मोडून राहत होती, तिची आई तिला ते शिकवत होती, आणि मी पाहुण्यांना फळी दाखवत होतो.

"चुकलं माझं," असं म्हणायचं होतं. निघालं भलतंच. "बरं, आता खरी खूण करू," असं पुटपुटत मी पेन्सिल घेऊन पुढे झालो. पोर लगेच अंग चोरून उभी राहिली. मी एक पाऊल मागे घेतलं. तरी तिची मान वर होईना.

शेवटी पेन्सिल आणि गुण्या बायकोच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. भिंतीपलीकडून तिचा हळू आवाज आला.

"गेले ते. आता सरळ उभी राहा, बाळा."